नागपूरहून दोन रात्रींची जंगल सफारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन रात्री पुरतात का?

पुरतात. पण जंगलात दिवस मोजत नाहीत, सफारी मोजतात. शुक्रवारी संध्याकाळी नागपूर सोडलं, तर शनिवारी पहाटे एक, दुपारी एक आणि रविवारी पहाटे एक अशा तीन सफारी होतात. रविवारी साडेदहा-अकराला गेटबाहेर, नाश्ता करून खोली सोडायची, दुपारच्या जेवणानंतर नागपूर. एवढा कार्यक्रम कुणालाही झेपतो. रविवारची दुपारही घेतली तर चार होतात, पण मग नागपूर गाठायला रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात आणि पुढची रेल्वे किंवा विमान असेल तर जीव टांगणीला लागतो.

एका रात्रीत एकच सफारी करून यायचं असेल तर ताडोब्यापर्यंत जाऊ नका. त्यासाठी उमरेड-पवनी-कऱ्हांडला किंवा बोर बरं.

नागपूरहून नेमकं कुठलं जंगल घ्यावं?

पहिल्यांदा जात असाल आणि वाघ हेच मुख्य आकर्षण असेल, तर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले, त्यातले ९७ या एका प्रकल्पात. त्यातही रस्त्यांचं जाळं, तळी आणि पाणवठे अशा जागी आहेत की जनावर उघड्यावर येतं. तोटा एकच: हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. शनिवार-रविवारी त्याच्या मोहर्ली गेटवर जत्रा भरलेली असते.

पेंच दोन राज्यांत विभागलेलं आहे. नकाशात एकच जंगल दिसतं, मधून पेंच नदी वाहते, पण बुकिंग, नियम, दर आणि सुट्टीचे दिवस दोन्हीकडचे निराळे. मध्य प्रदेशातलं मुख्य गेट तुरिया, नागपूरहून ९० किलोमीटरच्या आसपास. खवासा ओलांडलं की आत वळायचं. महाराष्ट्राच्या बाजूला सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली, कोलितमारा. सागाचं मोकळं जंगल असल्यामुळे पेंचमध्ये नजर लांब पोचते. चितळांचे कळप, रानकुत्रे आणि पक्षी यांच्यासाठी ते फार चांगलं. 'कॉलरवाली' वाघीण इथलीच. आठ वेळा मिळून २९ बछडे देऊन ती जानेवारी २०२२मध्ये गेली. जाताना चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गावर गाडी उंच पुलावर चढते तेव्हा खाली बघा. ते पूल नदीवर नाहीत, जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचललाय; सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला साठेक किलोमीटरवर. छोटं अभयारण्य, रस्ते कमी, पण एका दिवसात जाऊन येण्याजोगं. वर्धा जिल्ह्यातलं बोर २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. शांत आहे, वाघाचा आग्रह नसेल तर जरूर जा. नागझिरा १२० किलोमीटरच्या आसपास. तिथे गर्दी कमी आणि जंगल देखणं. सफारीचा कंटाळा यायला लागलेल्या माणसाने तिकडे जावं, असं आमचं प्रामाणिक मत.

एकाच फेरीत ताडोबा आणि पेंच दोन्ही जमेल?

तीन रात्री असतील तर. दोन रात्रींत नको: ताडोबा नागपूरच्या दक्षिणेला आणि पेंच उत्तरेला, म्हणजे एक अख्खी सफारी रस्त्यावर वाया जाते.

कोअर आणि बफर म्हणजे काय? बफर म्हणजे दुय्यम का?

कोअर म्हणजे आतला, वस्ती नसलेला किंवा हलवलेला, कडक संरक्षणातला भाग. बफर त्याभोवतीचा पट्टा: त्यात गावं आहेत, शेती आहे, गुरं चरतात. ताडोब्यात कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर ११०० च्या वर. कोअरचाही जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला खुला ठेवायचा असा राष्ट्रीय निकष आहे, त्यामुळे 'कोअरमध्ये गेलो' म्हणजे सगळा कोअर पाहिला असं होत नाही.

बफरला नाक मुरडणारे लोक बहुधा एकदाच ताडोब्याला गेलेले असतात. वाघाला सीमारेषा ठाऊक नाही. आगरझरी, जुनोना, देवाडा, अलीझंजा, मदनापूर, निमढेला, पळसगाव या बफर गेटांवर गेल्या काही वर्षांत भरपूर वाघ दिसले आहेत, बिबटे आणि अस्वलं तर कोअरपेक्षा सहज दिसतात. पैसे कमी लागतात, तिकीट लवकर संपत नाही. तीन सफारींत दोन कोअर आणि मधली दुपारची बफर, ही विभागणी आम्ही बहुतेकांना सुचवतो. फरक पडतो तो वातावरणात: बफरमध्ये मधेच शेताचं कुंपण दिसतं, एखादा सायकलवाला भेटतो. कोअरमधली ती नि:शब्दता तिथे नाही.

गेट कुठलं निवडावं?

सगळ्या नियोजनात चुकतं ते इथेच. लोक आधी हॉटेल ठरवतात, मग मिळेल ते गेट घेतात, आणि पहाटे चार वाजता कळतं की हॉटेल मोहर्लीला आणि तिकीट कोलाऱ्याचं. आतून ही दोन टोकं जवळ वाटतात, पण आतून कुणाला जाऊ देत नाहीत. बाहेरून वरोरा-चिमूर असा वळसा घालायचा तर दोन तासांहून जास्त लागतात. ती सफारी गेलीच म्हणून समजा, पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून क्रम असा: आधी तारीख, मग त्या तारखेला कुठल्या गेटाचं तिकीट मिळतंय ते, आणि सगळ्यात शेवटी त्या गेटापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या आतलं राहण्याचं ठिकाण.

ताडोब्याच्या कोअरला सहा गेटं आहेत: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. नागपूरहून उमरेड-भिवापूर-चिमूर मार्गे कोलारा आणि नवेगाव जवळ पडतात, ११०-१२० किलोमीटर. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, १४० च्या आसपास. तिथे राहण्याच्या सोयी सर्वांत जास्त, एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासही तिथेच. मोहर्लीतून आत शिरलं की ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने ओळीने उभे दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळातले म्हणून ते सांगितले जातात. वरच्या भोकांतून दोर ओवून निरोपाची घंटा वाजवत, असं गाइड सांगेल. तलावाकाठी तारू देवाचं स्थान आहे, त्याच्यावरूनच 'ताडोबा' हे नाव आलं. पांगडी आणि झरीला गाड्या कमी सुटतात, जंगल दाट, आणि वाघ दिसला तर बहुधा तुम्ही एकटेच असता. पहिल्या खेपेला मात्र मोहर्ली, कोलारा किंवा नवेगाव.

बुकिंग कसं आणि किती आधी करायचं?

महाराष्ट्रातल्या जंगलांचं बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं, मध्य प्रदेशातलं एमपी ऑनलाइनच्या वन पोर्टलवर. इंटरनेटवर शोधलं की पहिल्या चार-पाच निकालांत सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळं येतात. नाव सारखं, वर वाघाचा फोटो, खाली अशोकस्तंभाची आठवण करून देणारं चिन्ह. ती दलालांची असतात, काही तर नुसती फसवणूक. पैसे भरण्याआधी पत्त्याचा शेवट तपासा: सरकारी पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. मध्य प्रदेशच्या पोर्टलचा पत्ताही तसाच संपतो.

कोअरची तिकिटं काही महिने आधी खुली होतात आणि दिवाळी, नाताळ, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्ट्या, मे महिन्यातले शनिवार-रविवार हे खुले झाल्या झाल्या संपतात. अशा वेळी खातं आधीच उघडून ठेवा. सगळ्यांची नावं, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक एका कागदावर लिहून समोर ठेवा. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात, सहाही जणांची माहिती भरेपर्यंत समोरची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. तिकिटावर 'बंटी' आणि आधारकार्डावर 'अनिकेत' असेल तर गेटवर वाद होतो आणि तो तुम्ही हरता. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका, कारण फोन गेटवरच ठेवावा लागतो.

आठवड्याची सुट्टी तपासा. ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद. मध्य प्रदेशातल्या पेंचमध्ये बुधवारी दुपारची फेरी नसते.

तिकिटाच्या पैशांत काय काय येतं?

प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन असे तीन भाग असतात. काही ठिकाणी तिन्ही एकदम ऑनलाइन घेतात, काही ठिकाणी भाडं आणि गाइडचे पैसे गेटवर रोख द्यावे लागतात, म्हणून पावतीवर काय भरलंय ते वाचा आणि रोख जवळ ठेवा. जंगलाजवळच्या गावात एटीएम असतंच असं नाही, असलं तरी शनिवारी त्यात पैसे नसतात. शनिवार-रविवारचा दर इतर दिवसांपेक्षा जास्त. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळं शुल्क लागू शकतं. दर सहसा जिप्सीमागे असतो, माणशी नाही. त्यामुळे दोघंच गेलात तरी पूर्ण गाडीचे पैसे. नवरा-बायको जाणार असाल तर आणखी एक जोडपं गाठा, खर्च अर्ध्यावर येतो आणि गाडीत मोकळंही बसता येतं. सहा जण म्हणजे स्वस्त, पण मधल्या माणसाचे हाल.

तिकीट संपलंय. आता?

तीन वाटा आहेत. एक, बफर गेटं बघा. दोन, त्याच तारखेला दुसऱ्या जंगलाचं बघा: ताडोबा भरलं तरी महाराष्ट्राच्या बाजूचं पेंच किंवा बोर बहुधा मिळतं. तीन, तारीख सरकवून मधला वार घ्या. बुधवार-गुरुवारचं जंगल आणि रविवारचं जंगल ही दोन वेगळी जंगलं आहेत. दलालाकडून 'दुसऱ्याच्या नावावरचं' तिकीट चुकूनही घेऊ नका. ओळखपत्र जुळलं नाही की गाडी तुम्हाला सोडून निघून जाते.

कुठला महिना चांगला?

वाघ पाहायचा तर एप्रिल-मे. जंगल बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन्हीचा सुवर्णमध्य मार्च.

कारण साधं आहे. पावसाळ्यानंतर गवत माणसाच्या उंचीचं असतं, नाले वाहते असतात, जनावराला पाण्यासाठी उघड्यावर यायची गरज नाही. वाघ दहा फुटांवर बसला असेल आणि तुम्ही पुढे निघून जाल. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते, नजर आत शिरते. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागतो आणि अस्वलं फुलांखाली येतात. मेमध्ये मोजकेच पाणवठे उरतात. मग वाघाला शोधावं लागत नाही, पाण्यापाशी थांबावं लागतं. तो पाण्यात शिरताना बघण्यासारखं असतं: बहुतेक वेळा वळून, मागचे पाय आधी पाण्यात टाकत, हळूहळू मागे सरकत बसतो आणि तोंड काठाकडे ठेवतो. एकदा असा बसला की तासभर हलत नाही.

पण चंद्रपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या वर. दुपारच्या फेरीत उघड्या जिप्सीत तीन वाजता बसणं हा गंमतीचा भाग नाही, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना तर नाहीच. डिसेंबर-जानेवारीत उलट. पहाटे पारा दहाच्या खाली, त्यात चालत्या गाडीचा वारा.

पावसाळ्यात काहीच चालू नसतं का?

कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. बफरची काही गेटं पाऊस आणि रस्त्याची स्थिती बघून चालू ठेवतात, पण आदल्या दिवशी रद्द होण्याची तयारी ठेवूनच जा. फुलपाखरं, पक्ष्यांची घरटी आणि हिरवाई यांत रस असेल तरच जा.

पहाटे नागपूरहून निघून सकाळची सफारी गाठता येईल का?

गणित करून बघा. उन्हाळ्यात गेट साडेपाचच्या सुमाराला उघडतं, हिवाळ्यात सहा-साडेसहाला. त्याआधी अर्धा-पाऊण तास पोचून नोंदणी, ओळखपत्र, गाइड आणि गाडीचं वाटप उरकायचं असतं. कोलाऱ्याला अडीच तास धरले तर उन्हाळ्यात घरून सव्वादोनला निघावं लागतं. चिमूरच्या पुढे रस्ता जंगलातून जातो, त्या वेळी रानडुकरं आणि नीलगायी रस्त्यावर असतात, हिवाळ्यात वर धुकं. गेलातच तर गाडीत पेंगत वाघ बघणार. आदल्या रात्री पोचा. फार तर कऱ्हांडल्याच्या बाबतीत पहाटे निघणं चालून जातं.

मुंबई-पुण्याहून आलो तर?

रात्रीची रेल्वे पकडून सकाळी नागपुरात उतरणं सर्वांत सोयीचं. त्याच दिवशी दुपारची बफर सफारी मिळते. दुपारची फेरी अडीच-तीनला सुटते, म्हणून गाडी सकाळी दहापर्यंत पोचणारी हवी, आणि तिला दोन तास उशीर होऊ शकतो हे गृहीत धरून. चंद्रपूर किंवा बल्लारशाहपर्यंत थेट गाडी मिळाली तर मोहर्लीसाठी आणखी चांगलं. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून लोक मुंबईहून स्वतःच्या गाडीने येतात: ७०१ किलोमीटर, सरळ, एकसुरी रस्ता. दोन चालक असतील तरच हा विचार करा, आणि निघण्याआधी टायरची हवा व वय तपासा. उन्हात सलग वेगाने धावताना जुने टायर फुटतात.

नागपूर-चंद्रपूर आणि नागपूर-चिमूर एसटी आहे, पण तिथून गेटच्या गावापर्यंतची सोय तुटपुंजी. हॉटेलला आधीच गाडी पाठवायला सांगा.

वाघ नक्की दिसेल का?

नाही. जो 'गॅरंटी' देतो त्याच्याकडे बुकिंग करू नका.

शक्यता वाढवता मात्र येते, आणि ती गाडी पळवून वाढत नाही. चांगला गाइड पहिल्या अर्ध्या तासात दोन गोष्टी बघतो. पहिली, रस्त्यावरची धूळ: रात्रीच्या गाडीच्या चाकोरीवर ठसा उमटलेला असेल तर तो नंतरचा, चाकोरीखाली दबलेला असेल तर आधीचा. नराचा ठसा चौकोनी, मादीचा लांबट. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. वाघ निघाला की जंगल त्याची बातमी देतं, ज्याला गाइड 'कॉल' म्हणतात. चितळाचा 'पुक्' तीक्ष्ण आणि लहान. पण चितळ भित्रं जनावर, ते कशालाही ओरडतं. वानर उंच झाडावरून खोकल्यासारखं 'खर्र-खक्' करतं, ते जास्त भरवशाचं, कारण त्याला वरून दिसत असतं. आणि सांबराचा भसाडा 'ढाँक्' आला की गाडीतले सगळे गप्प होतात. सांबर उगाच ओरडत नाही.

मग थांबायचं. इंजिन बंद. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बहुतेक जिप्सींची सफारी इथेच फसते: पाचव्या मिनिटाला मागून कुणीतरी म्हणतं, 'चला ना दादा पुढे, तिकडे काही असेल.' गाडी निघते, आणि मागून येणाऱ्या गाडीला वाघ दिसतो. गाइडला सुरुवातीलाच सांगून ठेवा की आम्हाला थांबायला आवडेल, पक्षी आणि झाडंही दाखवा. हे ऐकल्यावर त्याचा सूर बदलतो. मग तो मगरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन दाखवेल, चांदण्यात भुतासारखा पांढरा दिसणारा कुल्लू दाखवेल, नवरंगाची शीळ ओळखून देईल.

जिप्सीत कुठली सीट घ्यावी?

गाइड आणि चालक पुढे, मागे तिघांच्या दोन रांगा. मागची रांग उंच, दिसतं छान, पण ती मागच्या चाकांवर येते, त्यामुळे सगळे धक्के तिथेच. कॅमेरावाल्यांनी मागे, पाठदुखीवाल्यांनी पुढच्या रांगेत कडेला. पाण्याच्या बाजूची सीट कुठली असेल हे आधी सांगता येत नाही. दुपारी जागा बदलून घ्या म्हणजे कुरकुर राहत नाही.

मोबाईल नेऊ देत नाहीत, मग फोटो कसे काढायचे?

ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाईलवर बंदी आहे. तो गेटवर जमा करा किंवा खोलीत ठेवा. लपवून नेलात तर दंड तुम्हाला आणि अडचण गाइडला. बंदीचं कारण फोटो नाही. वाघ दिसला की एक गाडी दुसरीला फोन करायची आणि दहा मिनिटांत तीस गाड्या जमायच्या.

कॅमेरा चालतो. भाड्याने घेणार असाल तर १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरेशी. ६०० ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याच्या चौकटीत वाघाचं नाक तेवढं येतं. पहाटेच्या उजेडात आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. थोडा रवाळ फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली आणू नका. तिपाई गाडीत उघडता येत नाही. त्याऐवजी कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून दांड्यावर ठेवा. गाडीत लेन्स बदलू नका, मार्चनंतर धूळ इतकी असते की सेन्सरवर डाग ठरलेलेच. चालू इंजिनची थरथर लेन्समधून दुप्पट दिसते, म्हणून चालकाला आधी इंजिन बंद करायला सांगा, मग फोटो.

कॅमेरा नसेल तर ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. दहापटीची हातात जास्त हलते.

कपडे आणि सामान?

रंगाबद्दल बराच गैरसमज आहे. लाल कपडा बघून वाघ अंगावर येत नाही. त्याला आणि हरणांना लाल-हिरवा फरक फारसा कळत नाही. त्यांना उठून दिसतात ते पांढरा आणि गडद निळा. म्हणून खाकी, करडा, मातकट, शेवाळी. पक्ष्यांना मात्र सगळे रंग दिसतात. अत्तर, सेंट नको.

हिवाळ्यात थर घाला: आत थर्मल, मधे स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. नऊ वाजेपर्यंत त्यातलं निम्मं उतरतं, म्हणून पिशवी हवी. उन्हाळ्यात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोठी टोपी आणि ओला करून गळ्याभोवती घ्यायला सुती उपरणं किंवा दुपट्टा. तोच दुपट्टा धुळीत नाकातोंडावर येतो. पाणी माणशी दीड लिटर, प्लास्टिकच्या बाटलीऐवजी स्टीलच्या. ओआरएसची दोन पाकिटं. खाण्याचं सामान आत नेऊ नका, वानरं गाडीवर चढतात. विडी, सिगारेट, तंबाखू गेटबाहेर. मार्चनंतर पालापाचोळा इतका कोरडा असतो की एक थोटूक पुरतं.

लहान मुलं आणि वयस्कर मंडळींना न्यावं का?

पाच वर्षांखालचं मूल चार तास गप्प बसत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. न्यायचंच तर एकच सफारी, तीही हिवाळ्यातली दुपारची बफर. त्याचंही नाव बुकिंग करतानाच विचारून टाका. ज्येष्ठांना एक आड एक सफारी द्या. मणक्याचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर जिप्सी नकोच. रस्ते कच्चे आहेत आणि चालकाने गाडी कितीही सावकाश नेली तरी धक्के बसतात. रोजची औषधं दुप्पट घेऊन जा, मोठं रुग्णालय चंद्रपूर किंवा नागपूरलाच.

मधे लघवीला उतरता येतं का?

ठरवून दिलेल्या जागीच, आणि ती जागा तुमच्या सोयीने येत नाही. पहाटे निघण्याआधी चहा अर्धा कप.

'जरा जवळ घ्या' असं चालकाला सांगितलं तर?

तो नाही म्हणेल, आणि म्हणावंच. जनावरापासून किमान २० मीटर अंतर हा नियम आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गोठणगावच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांनी एक वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. चित्रफिती पसरल्या, चालक आणि गाइडांवर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पर्यटक घरी गेले, रोजगार स्थानिक पोरांचा गेला. तुमच्या शंभर-दोनशे रुपयांच्या आमिषाची किंमत कोण भरतं ते लक्षात ठेवा.

टिप किती द्यावी?

सक्ती नाही. द्यायची तर सफारी संपल्यावर, गाइड आणि चालकाला वेगवेगळी, आणि वाघ दिसला की नाही यावर नाही तर माणसाने किती मन लावून दाखवलं यावर.

सकाळ आणि दुपारच्या फेरीच्या मधल्या वेळात काय करायचं?

झोपा. पहाटे चारला उठलेल्या माणसाला दुपारी एक ते दोन झोप मिळाली नाही तर तो पाच वाजता गाडीत डुलक्या घेतो, नेमकं जनावर बाहेर पडायच्या वेळी. जेवण हलकं ठेवा. सावजी रस्सा रात्रीसाठी राखा. फिरायचंच असेल तर शेवटच्या दिवशी, परतीच्या वाटेवर: मोहर्लीहून येताना वरोऱ्याचं आनंदवन, पेंचहून येताना रामटेक.

पेंचच्या महाराष्ट्राच्या बाजूला राहात असाल तर एक रात्र आभाळासाठी ठेवा. जानेवारी २०२४मध्ये हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ कृत्रिम उजेडापासून जपलेलं उद्यान, ठरलं. अमावास्येच्या आसपासची तारीख निवडा, खोलीतले आणि अंगणातले दिवे बंद करायला सांगा, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या. त्या वीस मिनिटांत फोन पाहिला की पुन्हा पहिल्यापासून.